सामना कोण जिंकणार? : भाकिताचे गणित

तालुक्याच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की शाळेत एकच चर्चा सुरू होते. "यंदा कबड्डीत कोण?" कोणी म्हणतो, "जामखेडचा संघ भारी आहे, तोच जिंकणार." दुसरा म्हणतो, "खर्ड्याची पोरं या वेळी सोडणार नाहीत." विश्वचषकाचे सामने असले म्हणजे हीच चर्चा देशांच्या संघांबद्दल होते. चर्चेत आवाज चढतात, पण प्रश्न सुटत नाही. सामना झाल्यावर मात्र प्रत्येक जण म्हणतो, "मी सांगितलंच होतं!"

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न विज्ञानाच्या पद्धतीने सोडवता येईल का? ग्रहण केव्हा लागेल हे आपण मिनिटापर्यंत अचूक सांगू शकतो. मग चाळीस मिनिटांच्या सामन्याचा निकाल का सांगता येत नाही? आणि निकाल नक्की सांगता येत नसेल, तर भाकीत करण्याला काही अर्थ उरतो का? या लेखात आपण याच प्रश्नांचा विचार करू. त्यासाठी बास्केटबॉल आणि कबड्डी हे दोन खेळ घेऊ. गणित दहावीपर्यंतचेच लागेल. सोबत वही, पेन्सिल आणि मूठभर चिंचोके घेऊन बसा.

पिशवीतले वीस चिंचोके

समजा, 'अ' आणि 'ब' असे दोन संघ आहेत. 'अ' संघ थोडासा सरस आहे. थोडासा म्हणजे किती? प्रत्येक गुणासाठी झुंज झाली, तर शंभरापैकी सरासरी ५५ गुण 'अ'ला आणि ४५ गुण 'ब'ला मिळतात, असे मानू.

आता एका पिशवीत वीस चिंचोके टाका. त्यांपैकी अकरांवर खडूने खूण करा. पिशवीत न पाहता एक चिंचोका काढा. खुणेचा निघाला तर गुण 'अ'चा, बिनखुणेचा निघाला तर गुण 'ब'चा. चिंचोका परत पिशवीत टाका, पिशवी हलवा आणि पुन्हा काढा. वीसपैकी अकरा म्हणजे शंभरापैकी ५५. तेव्हा ही पिशवी म्हणजे आपल्या सामन्याची प्रतिकृतीच झाली.

सामना एकाच गुणाचा असेल, तर 'अ' जिंकण्याची संभाव्यता ०.५५ आहे, हे उघड आहे. सामना तीन गुणांचा असेल तर? 'अ'ला तिन्ही किंवा तिन्हींपैकी दोन गुण मिळाले पाहिजेत. तिन्ही मिळण्याची संभाव्यता ०.५५ × ०.५५ × ०.५५, म्हणजे ०.१६६. दोन गुण मिळण्याचे तीन प्रकार आहेत : पहिला गुण गमावणे, दुसरा गमावणे किंवा तिसरा गमावणे. म्हणून ३ × ०.५५ × ०.५५ × ०.४५, म्हणजे ०.४०८. दोहोंची बेरीज ०.५७४. म्हणजे 'अ' जिंकण्याची शक्यता ५५ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर गेली. संघ तेच, कौशल्य तेच. बदलली ती फक्त गुणांची संख्या!

याच रीतीने पुढे गेले तर असा तक्ता मिळतो :

एकूण गुण १ : 'अ' जिंकण्याची शक्यता ५५ टक्के
एकूण गुण ३ : ५७ टक्के
एकूण गुण ९ : ६२ टक्के
एकूण गुण २५ : ६९ टक्के
एकूण गुण ६१ : ७८ टक्के
एकूण गुण १०१ : ८४ टक्के

तक्ता नीट पाहा. खेळात जितके जास्त गुण होतात, तितका सरस संघ जिंकण्याचा भरवसा वाढतो. फुटबॉलच्या सामन्यात सारे मिळून दोन-तीन गोल होतात. म्हणून तिथे दुबळा संघही अनेकदा बाजी मारून जातो. कबड्डीत दोन्ही संघांचे मिळून साधारण पन्नास-साठ गुण होतात, तर बास्केटबॉलमध्ये दीडशे ते दोनशे. बास्केटबॉलमध्ये एकेक टोपली दोन किंवा तीन गुणांची असते, म्हणून झुंजींची खरी संख्या गुणांपेक्षा कमी धरली पाहिजे. तरीही फुटबॉलच्या मानाने ती पुष्कळच मोठी आहे. त्यामुळे बास्केटबॉलचे भाकीत करणे त्या मानाने सोपे आणि फुटबॉलचे अवघड.

वर्गमुळाची करामत

असे का होते? याचे उत्तर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचे वाटेल. किरणोत्सारी द्रव्यातून बाहेर पडणारे कण मोजताना आपण १०० कण मोजले, तर त्या मोजणीत सुमारे १० ची चढउतार यदृच्छेने होते. १०,००० कण मोजले तर चढउतार सुमारे १०० ची. म्हणजे मोजणी शंभरपट झाली, पण चढउतार दहापटच वाढली. चढउतार ही मोजणीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते.

सामन्यातही हेच घडते. एकूण गुण 'न' असतील, तर आपल्या 'अ' संघाची सरासरी आघाडी न × (०.५५ − ०.४५), म्हणजे न चा दहावा भाग एवढी असते. निव्वळ दैवाने होणारी चढउतार मात्र √न एवढी असते. नऊ गुणांच्या सामन्यात आघाडी ०.९ आणि चढउतार ३. म्हणजे कौशल्य दैवाच्या गोंगाटात बुडून जाते. १०० गुणांच्या सामन्यात आघाडी १० आणि चढउतारही १०. दोन्ही बरोबरीला आली. ४०० गुण झाले असते, तर आघाडी ४० आणि चढउतार फक्त २०. कौशल्य स्पष्ट दिसू लागले असते.

आता एक खरा सामना घेऊ. २०२३ च्या बास्केटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने अमेरिकेला ११३–१११ असे हरवले. पुढे अंतिम सामन्यात सर्बियाला ८३–७७ ने नमवून जर्मनीने चषक जिंकला. २२४ गुणांच्या सामन्यात फरक पडला दोन गुणांचा, म्हणजे एका टोपलीचा! जर्मनी जिंकली हे निर्विवाद. पण एवढ्यावरून जर्मनी अमेरिकेपेक्षा सरस ठरते असे म्हणता येईल का? नाही. चढउतारीच्या मानाने दोन गुणांचा फरक अगदीच किरकोळ आहे. विजेता कोण आणि सरस कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. क्रीडांगणावर पहिल्याचे उत्तर मिळते, दुसऱ्याचे नेहमीच मिळते असे नाही.

दुबळ्याचे शस्त्र

वरच्या तक्त्यातून एक गमतीदार निष्कर्ष निघतो. संघ दुबळा असेल तर त्याने सामन्यातील गुण कमी होऊ द्यावेत, कारण गुण जितके कमी तितका दैवाला वाव जास्त.

हे कागदी गणित नव्हे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये फोर्ट वेन पिस्टन्स या संघाची गाठ मिनिआपोलिस लेकर्स या बलाढ्य संघाशी पडली. लेकर्सकडे जॉर्ज मायकन हा त्या काळचा सर्वांत प्रभावी खेळाडू होता. फोर्ट वेनच्या खेळाडूंनी युक्ती केली. चेंडू हाती आला की टोपलीकडे फेकायचाच नाही, नुसता आपसांत खेळवत राहायचे. प्रेक्षक संतापले, पण सामना फोर्ट वेनने १९–१८ असा जिंकला. त्या व्यावसायिक स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत कमी गुणांचा सामना म्हणून तो ओळखला जातो. अशा रटाळ खेळाला आळा घालण्यासाठी तिथे १९५४ मध्ये नियम आला : चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांत टोपलीकडे फेकलाच पाहिजे. या नियमाने खेळ वेगवान झाला, गुण वाढले आणि नकळत सरस संघाची बाजूही बळकट झाली.

कबड्डीतही चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आहे. व्यावसायिक कबड्डीत तर सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद होतो. नियम बदलला की भाकिताचे गणितही बदलते, हे यावरून ध्यानात येईल.

भारत आणि इराण : सात सामन्यांचा आलेख

आता आपल्या मातीतल्या खेळाकडे वळू. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीचा समावेश झाला. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताने जिंकली. २०१८ च्या जाकार्ता येथील स्पर्धेआधी कोणालाही विचारले असते, तर "आठवेही आपलेच" असे उत्तर आले असते.

फ्रेंच गणिती लाप्लास याने अशा प्रसंगासाठी एक सूत्र दिले आहे. एखादी गोष्ट सलग 'न' वेळा घडली आणि तिच्याबद्दल अन्य काहीच ठाऊक नसेल, तर ती पुढच्या वेळी घडण्याची संभाव्यता (न + १) ÷ (न + २) मानावी. इथे न = ७, म्हणून ८ ÷ ९, म्हणजे ८९ टक्के. पण या सूत्रातली अट विसरू नका : "अन्य काहीच ठाऊक नसेल तर". आपल्याला तर पुष्कळ ठाऊक होते!

भारत आणि इराण यांच्या पुरुष संघांमधील पुढील निर्णायक सामने पाहा. २०१८ चा सामना उपांत्य फेरीचा, बाकीचे अंतिम फेरीचे आहेत.

२००४, विश्वचषक, मुंबई : भारत ५५, इराण २७. फरक +२८
२००७, विश्वचषक, पनवेल : भारत २९, इराण १९. फरक +१०
२०१०, आशियाई खेळ, ग्वांगझौ : भारत ३७, इराण २०. फरक +१७
२०१४, आशियाई खेळ, इंचॉन : भारत २७, इराण २५. फरक +२
२०१६, विश्वचषक, अहमदाबाद : भारत ३८, इराण २९. फरक +९
२०१८, आशियाई खेळ, जाकार्ता : भारत १८, इराण २७. फरक −९
२०२३, आशियाई खेळ, हांगझौ : भारत ३३, इराण २९. फरक +४

पहिले पाच सामने आलेखकागदावर मांडा. आडव्या अक्षावर वर्ष, उभ्या अक्षावर गुणांचा फरक. बिंदू वरखाली आहेत, पण एकूण उतार स्पष्ट आहे. पट्टी ठेवून त्यांच्या मधून जाणारी रेषा काढा. लघुतम वर्गांच्या पद्धतीने ही रेषा काढली, तर फरक दर वर्षाला सुमारे दीड गुणाने घटतो असे दिसते. तीच रेषा २०१८ पर्यंत वाढवली तर फरक येतो सुमारे +१. म्हणजे जवळजवळ बरोबरी!

विजयांची यादी पाहणाऱ्याला दिसले, "जिंकले, जिंकले, जिंकले." फरक मोजणाऱ्याला दिसले, "अठ्ठावीस, दहा, सतरा, दोन, नऊ." दोघांसमोर सामने तेच होते. पण पहिल्याने फक्त चिन्ह पाहिले, दुसऱ्याने मापन केले. विज्ञानात मापनाला इतके महत्त्व का, याचे याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

मात्र इथेच थांबून रेषेचा जयजयकार करू नका. आपले पाच बिंदू रेषेपासून सरासरीने सात गुण इकडेतिकडे आहेत. बिंदू पाचच आणि रेषा पुढे वाढवलेली, त्यामुळे २०१८ च्या अंदाजातील अनिश्चितता सुमारे दहा गुणांची होते. म्हणून प्रामाणिक भाकीत असे : फरक +१, चूक अधिक-उणे १०. याचा अर्थ भारत जिंकण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के. आपला तो चिंचोक्यांच्या पिशवीचाच आकडा! प्रत्यक्षात फरक −९ निघाला, म्हणजे अनिश्चिततेच्या पट्ट्याच्या काठावर. इराणने भारताला हरवून पुढे सुवर्णपदकही जिंकले.

आता पहिल्या पाच सामन्यांची तीच रेषा २०२३ पर्यंत वाढवा. हांगझौचे आशियाई खेळ २०२२ चे होते, पण ते २०२३ मध्ये भरले. रेषा सांगते : भारत सहा-सात गुणांनी हरेल. अनिश्चितता बारा गुणांची. घडले काय? भारत चार गुणांनी जिंकला. रेषा म्हणजे निसर्गनियम नव्हे. ती गतकाळाचे सार सांगते. हरलेला संघ जागा होतो, सराव वाढवतो, नवे खेळाडू येतात. ही रेषा २०५० पर्यंत वाढवली तर इराण भारताला जवळजवळ पन्नास गुणांनी हरवील असे उत्तर मिळेल. ते हास्यास्पद आहे, हे सांगायला नको.

उतार का आला?

आलेख 'काय' घडले ते दाखवतो, 'का' घडले ते सांगत नाही. ते आपल्याला शोधावे लागते. इराणमध्ये कुस्तीची परंपरा मोठी आहे आणि कुस्तीतली पकड कबड्डीत कामी येते. २०१४ पासून भारतात व्यावसायिक कबड्डी सुरू झाली. तिच्यात इराणचा फजल अत्राचाली, कोरियाचा जांग कुन ली असे परदेशी खेळाडू आपल्या खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून खेळले. आपले डावपेच ते शिकले, त्यांचे आपण शिकलो. प्रशिक्षकही देशांच्या सीमा ओलांडून गेले. २०१८ मध्ये जाकार्तालाच महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७–२४ असे हरवले. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या शैलजा जैन, नाशिकमध्ये वर्षानुवर्षे खेळाडू घडवलेल्या! ज्ञान पसरले की संघांमधील अंतर कमी होते. उष्णता तापलेल्या वस्तूकडून थंड वस्तूकडे जावी, तसाच हा प्रकार.

ताकद मोजायची कशी?

एक अडचण अजून आहे. सगळे संघ सगळ्यांशी खेळत नाहीत. २०१७ साली बंगळुरू येथे भारतीय महिला बास्केटबॉल संघाने आशिया चषकाच्या दुसऱ्या गटात कझाकस्तानला ७५–७३ असे हरवून विजेतेपद मिळवले. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. या विजयामुळे भारताला वरच्या गटात बढती मिळाली. २०१९ मध्ये बंगळुरूलाच वरच्या गटाची स्पर्धा झाली. तिच्यात भारत आठव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला. संघ दोन वर्षांत बिघडला होता का? तसे नव्हे. समोरचे संघ बदलले होते. तेव्हा किती सामने जिंकले एवढेच पुरत नाही. कोणाविरुद्ध जिंकले, हेही धरले पाहिजे.

याची सोपी युक्ती शोधून काढली आर्पाद एलो यांनी. जन्माने हंगेरियन असलेले हे गृहस्थ अमेरिकेतील मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि बुद्धिबळ उत्तम खेळत. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. २०१८ पासून पुरुषांच्या फुटबॉल संघांची जागतिक क्रमवारीही याच तत्त्वावर काढली जाते.

पद्धत अशी. प्रत्येक संघाला एक अंक द्यायचा. दोन संघांच्या अंकांतील फरकावरून सरस संघ जिंकण्याची संभाव्यता ठरते. फरक शून्य असेल तर ०.५०, फरक १०० असेल तर ०.६४, २०० असेल तर ०.७६ आणि ४०० असेल तर ०.९१.

समजा, जामखेडच्या एका शाळासंघाचा अंक १६०० आणि खर्ड्याच्या शाळासंघाचा १५०० आहे. जामखेड जिंकण्याची अपेक्षा ०.६४, खर्डा जिंकण्याची ०.३६. सामना झाल्यावर (प्रत्यक्ष निकाल − अपेक्षा) × २० इतका बदल अंकात करायचा. विजय म्हणजे १, पराभव म्हणजे ०. जामखेड जिंकले तर त्याला २० × ०.३६, म्हणजे सुमारे ७ अंक मिळतील आणि खर्ड्याचे तितकेच जातील. पण खर्डा जिंकले तर त्याला २० × ०.६४, म्हणजे सुमारे १३ अंक मिळतील. अपेक्षित विजयाचे मोल कमी, अनपेक्षित विजयाचे जास्त. प्रत्येक सामन्यानंतर अंक आपोआप दुरुस्त होत जातात. आधीचे मत घ्या, अनुभवाशी ताडून पाहा, चुकीच्या प्रमाणात मत बदला. पाहा, ही तर विज्ञानाचीच रीत झाली!

एक सामना आणि सबंध स्पर्धा

समजा, एक संघ इतका भारी आहे की कोणत्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तो जिंकण्याची शक्यता ८० टक्के आहे. बाद फेरीचे तीन सामने ओळीने जिंकून चषक मिळवायचा आहे. ०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१. म्हणजे एवढा भारी संघही दोनांपैकी एकाच वेळी चषक घरी नेणार! "सर्वांत सरस संघ" आणि "नक्की जिंकणारा संघ" यांत केवढे अंतर आहे, हे यावरून दिसते.

साखळी पद्धतीत मात्र चूक भरून काढण्याची संधी असते. २०१६ च्या अहमदाबाद विश्वचषकात पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला ३४–३२ असा धक्का दिला. पण सामने साखळीचे होते. भारताने पुढे ऑस्ट्रेलिया, बांगलादेश, अर्जेंटिना आणि इंग्लंड यांना हरवले, उपांत्य सामन्यात थायलंडला ७३–२० ने लोळवले आणि अंतिम सामन्यात, मध्यंतराला १३–१८ असे मागे असूनही, इराणला ३८–२९ ने जिंकले. पहिला सामना बाद फेरीचा असता तर चषक गेलाच असता.

आणि तो धक्का तरी किती अनपेक्षित होता? प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ९० टक्के धरली, तरी साखळीचे पाचही सामने जिंकण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ०.५९ येते. निदान एक सामना हरण्याची शक्यता ४१ टक्के! अमुक एक सामना हरणे अनपेक्षित असते, पण कुठेतरी एखादा हरणे मुळीच अनपेक्षित नसते.

भाकीत करणाऱ्याची परीक्षा

११ मार्च १७९५ रोजी आपल्या खर्ड्याजवळ मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. निजामाला खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला आणि अखेर तह करावा लागला. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत आपण या विजयाची चार कारणे ओळीने लिहितो आणि वाचणाऱ्याला वाटते की दुसरे काही घडणे शक्यच नव्हते. निकाल माहीत झाल्यावर भूतकाळ नेहमी सरळ दिसतो. म्हणून भाकीत करायचे तर ते आधी, कागदावर, आकड्यात लिहून ठेवले पाहिजे. मगच त्याची परीक्षा घेता येते.

ती परीक्षा कशी घ्यायची, हे अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये दाखवले. "उद्या पावसाची शक्यता ७० टक्के" असे सांगणाऱ्याला गुण कसे द्यायचे, हा त्यांचा प्रश्न होता. रीत सोपी आहे. सांगितलेल्या संभाव्यतेतून निकाल (घडले तर १, न घडले तर ०) वजा करा आणि वर्ग करा. हा झाला दंड. ज्याचा एकूण दंड कमी, त्याचे भाकीत चांगले.

२०१६ च्या विश्वचषकात भारताने सात सामने खेळले, सहा जिंकले, एक हरला. चार विद्यार्थ्यांनी सातही सामन्यांसाठी भारताच्या विजयाची शक्यता आधीच लिहून ठेवली होती, अशी कल्पना करू.

पहिला म्हणाला १०० टक्के. सहा सामन्यांत दंड शून्य, पण कोरियाच्या सामन्यात पूर्ण १. एकूण १.००.
दुसरा म्हणाला ९० टक्के. सहा वेळा ०.०१ आणि एकदा ०.८१. एकूण ०.८७.
तिसरा म्हणाला ८० टक्के. सहा वेळा ०.०४ आणि एकदा ०.६४. एकूण ०.८८.
चौथा म्हणाला, "काहीही होऊ शकते," म्हणून ५० टक्के. सात वेळा ०.२५. एकूण १.७५.

छातीठोकपणे बोलणारा पहिला विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्याच्या मागे पडला. आणि "काहीही होऊ शकते" म्हणून अंग काढून घेणारा चौथा तर सर्वांत मागे राहिला. अति आत्मविश्वास आणि अति संकोच, दोन्हींना दंड होतो. आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेच, कमी नाही आणि जास्त नाही, सांगणाऱ्याला हे गणित बक्षीस देते.

पैजेबद्दल दोन शब्द

हे वाचून कोणाच्या मनात येईल, "मग या गणितावर पैसे लावले तर?" तेही गणित करून पाहू. बरोबरीच्या दोन संघांचा सामना आहे. तुम्ही १०० रुपये लावता. जिंकलात तर पैज चालवणारा स्वतःचा वाटा कापून १९० रुपये परत देतो, हरलात तर काहीच नाही. सरासरी परतावा ९५ रुपये. म्हणजे दर पैजेला सरासरी ५ रुपये जातात आणि शंभर पैजांत ५०० रुपये. एखाददुसऱ्या पैजेत दैव साथ देईल, कारण तिथे चढउतार मोठी असते. पण पैजा वाढल्या की वर्गमुळाचा तोच नियम लागू होतो आणि इथे सरस संघ म्हणजे पैज चालवणारा! मोबाइलवर "फक्त कौशल्याचा खेळ" म्हणून अशी जाहिरात दिसली, तर वरचा तक्ता आठवा.

भाकिताला काय ठाऊक नसते

आपल्या पिशवीत प्रत्येक चिंचोका सुटा होता. खऱ्या कबड्डीत तसे नसते. लोण चढला की दोन गुण जास्त मिळतात आणि संघ नव्या दमाने उभा राहतो. मुख्य चढाईपटूचा गुडघा दुखावला की ५५ चे ४५ होतात. ही प्रतिकृती म्हणजे सामना नव्हे. प्रतिकृती कोठे लंगडी पडते हे ओळखणे, हाही अभ्यासाचाच भाग.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ग्रहणाचे भाकीत ऐकून चंद्र आपला मार्ग बदलत नाही. खेळाडू मात्र बदलतो. तुमच्या संघाची जिंकण्याची शक्यता ३६ टक्के आहे असे गणिताने सांगितले, तर त्याचा अर्थ "हरणार" असा नाही. अशा शंभर सामन्यांत ३६ वेळा तुम्ही जिंकाल, असा आहे. शिवाय तो आकडा आजवरच्या खेळाचा आहे, उद्याच्या सरावाचा नाही. आपल्या तक्त्यात ५५ चा आकडा होता. सरावाने तो ५५ चा ६० झाला, तर १०१ गुणांच्या सामन्यातली शक्यता ८४ वरून सुमारे ९८ टक्क्यांवर जाते. पाच टक्क्यांच्या सुधारणेचे केवढे हे फळ!

स्वाध्याय

१. प्रत्येक गुण जिंकण्याची संभाव्यता ०.६ असेल, तर तीन गुणांचा सामना जिंकण्याची संभाव्यता काढा. (उत्तर : ०.६४८)

२. वर्गातील प्रत्येकाने चिंचोक्यांच्या पिशवीवर २५ गुणांचा एक सामना खेळावा. किती जणांच्या सामन्यात 'अ' जिंकला? हा आकडा तक्त्यातील ६९ टक्क्यांशी ताडून पाहा. फरक पडला तर तो का, याची चर्चा करा.

३. २०१६ च्या सात सामन्यांसाठी एकच टक्केवारी लिहायची होती. कोणत्या टक्केवारीला दंड सर्वांत कमी पडला असता? (सूचना : सातांपैकी सहा.)

४. भारत–इराण सामन्यांच्या आलेखात २०१८ आणि २०२३ चे बिंदू घालून रेषा पुन्हा काढा. उतार वाढतो की कमी होतो?

५. शिक्षकांसाठी : शाळेच्या आंतरवर्गीय सामन्यांसाठी एलो पद्धतीने अंकांचा फलक लावा. प्रत्येक संघ १५०० अंकांनी सुरुवात करील. प्रत्येक सामन्याआधी विद्यार्थ्यांनी भाकिते टक्केवारीत लिहून पेटीत टाकावीत आणि वर्षअखेर दंड मोजावा. सर्वांत कमी दंड कोणाचा, याचीही एक स्पर्धा होऊ द्या. तिच्यात मोठ्याने बोलणारा क्वचितच जिंकतो, हे तुमच्या विद्यार्थ्यांना अनुभवाने कळेल.